विश्लेषण : दुचाकी सुरूच होत नाही, बिघाड कुठे, कसा ओळखायचा?

छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील सकाळची पाळी गाठायची तर अनेक कामगारांचा भरवसा दुचाकीवरच असतो. गाडी ऐनवेळी सुरू झाली नाही, तर रोजंदारीवरील कामगाराचा दिवस बुडतो. बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि हे शहर दुचाकी घडवणारे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. मात्र इथेही गाडी अडली की किक मारत राहणे, गाडी तिरकी करणे किंवा ढकलणे हेच उपाय आधी केले जातात. इंजिनातील तंत्रज्ञान बदलल्याने यातील काही उपाय आता निरुपयोगी, तर काही नुकसानकारक ठरतात.

जुने उपाय का चालत नाहीत?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोलचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. जुन्या गाड्यांत हे मिश्रण कार्बोरेटर करत असे. स्कूटर तिरकी केली की कार्बोरेटरमध्ये जास्तीचे पेट्रोल उतरे आणि इंजिन पेट घेई. १ एप्रिल २०२० पासून देशभरात ‘बीएस-६’ प्रदूषण मानके लागू झाली आणि बहुतांश दुचाकींमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. यात टाकीतील विजेवर चालणारा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो आणि किती पेट्रोल सोडायचे हे ‘ईसीयू’ हा छोटा संगणक ठरवतो. अशी गाडी तिरकी करून काहीच साधत नाही. पंप आणि ईसीयू दोन्ही बॅटरीवर अवलंबून असल्याने बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर किक मारून किंवा ढकलूनही अनेक गाड्या सुरू होत नाहीत.

आवाजावरून काय कळते?

स्टार्टरचे बटण दाबल्यावर येणारा आवाज हा पहिला पुरावा. काहीच आवाज आला नाही, तर आधी हँडलवरील लाल ‘किल स्विच’ पाहावा. गर्दीत उभ्या केलेल्या गाडीचा हा स्विच कुणाचा तरी हात लागून बंद झालेला असतो. अनेक नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना सुरू होत नाहीत. काहींना क्लच, तर स्कूटरला ब्रेक दाबावा लागतो. हे सर्व ठीक असेल तर फ्यूज तपासावा.

‘टक-टक-टक’ असा सलग आवाज आला आणि मीटरचा प्रकाश मंदावला, तर बॅटरी कमजोर आहे. एकदाच ‘टक’ होऊन शांतता पसरली, तर बॅटरीच्या टोकांवरील जोडणी सैल किंवा गंजलेली असू शकते. रिले किंवा स्टार्टर मोटरही अडलेली असू शकते. स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. मग शोध पेट्रोल आणि ठिणगीकडे वळवावा.

बॅटरी कशी तपासायची?

पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी, गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. दोनशे-तीनशे रुपयांच्या साध्या मल्टिमीटरने हे घरीही मोजता येते. आकडा १२ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर आधी चार्जिंग, मग पुढचा विचार. मराठवाड्यातील कडक उन्हाळा बॅटरीचे आयुष्य कमी करतो, त्याचा परिणाम मात्र अनेकदा पावसाळी किंवा थंड सकाळी दिसतो. स्टार्टर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये; दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंद थांबावे. सतत दाबल्यास उरलीसुरली बॅटरीही संपते आणि मोटर तापते.

पेट्रोल असूनही गाडी का अडते?

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पंपाचा आवाज. तो आलाच नाही, तर पंपाचा फ्यूज, वायरिंग किंवा पंप यात दोष असू शकतो. गाडी थोडी चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन गाडी पुन्हा सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे, असे समजावे.

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते. टाकीत पाणी शिरले किंवा गाडी पावसाळ्यात महिनोन् महिने उभी राहिली, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि पंप नेमके तेच खेचतो. अशा वेळी टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे हाच उपाय.

स्पार्क प्लग काळा-ओला असेल तर तो स्वच्छ करावा किंवा बदलावा. मात्र प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याचा जुना प्रयोग घरी टाळावा. पेट्रोलच्या वाफा पेट घेऊ शकतात आणि नव्या गाडीत ईसीयूला धक्का पोहोचू शकतो.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर?

इथे मात्र स्टार्टरला हातही लावू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर इंजिन उघडण्यात होते. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे.

ढकलणे कधी योग्य?

गिअरच्या गाडीची बॅटरी थोडी शिल्लक असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून ती सुरू होऊ शकते. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हे शक्यच नाही. इंजिन पुरेसे वेगाने फिरल्याशिवाय तिचा क्लच चाकाशी जोडला जात नाही. फार्महाऊस, रिसॉर्टवर दिसणाऱ्या बेल्ट ड्राइव्हच्या एटीव्हींनाही हेच लागू होते. त्यातही आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, ब्रेक दाबला आहे का आणि किल स्विच चालू आहे का, हे पाहावे.

मेकॅनिकला काय सांगायचे?

‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगितले की अंदाजाने सुटे भाग बदलले जाण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी चार गोष्टी सांगाव्यात : बटण दाबल्यावर कोणता आवाज आला, मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चालू राहिला का, गाडी शेवटची कधी चालली आणि त्याआधी ती पावसात किंवा पाण्यात होती का. पिवळा दिवा कायम राहिला असेल, तर स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचून घ्यावा आणि तो पाहिल्याशिवाय ईसीयू किंवा पंप बदलण्यास होकार देऊ नये. सैल झालेले बॅटरीचे टोक घट्ट करायला पाना आणि पाच मिनिटे पुरतात. ते न पाहता बदललेला पंप मात्र कामगाराच्या कित्येक दिवसांची मजुरी खातो.