संग्रहालयाची भाषा – ७ : वळिवड्याचा फलक

कोल्हापुरातल्याच एका वाचकांनी विचारलं आहे : महावीर उद्यानातलं पोलिश स्मारक ज्यांचं, ती माणसं 'हिटलरच्या तावडीतून सुटलेली' असं आपण ऐकत आलो; मग कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची त्यांची छावणी होलोकॉस्टच्या इतिहासातच मोडत नाही का? संग्रहालयातलं लेखन वस्तुनिष्ठ असावं की आत्मनिष्ठ, हा वाद या प्रश्नात नेमका सापडतो.

उत्तर 'नाही' असं आहे. १९४३ पासून वळिवड्यात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांतही बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, मुख्यतः पूर्व पोलंडमधले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघानं पोलंड वाटून घेतलं, आणि पूर्व भाग सोव्हिएत ताब्यात गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत पोलिसांनी पहिली कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरियाच्या दिशेनं नेली. जून १९४१ पर्यंत अशा चार मोठ्या हद्दपाऱ्या झाल्या. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये सोव्हिएत संघ आणि पोलिश सरकार यांच्यात करार झाला, या हद्दपारांची सुटका झाली, आणि जे जगले त्यांतले काही इराणमार्गे इथवर पोचले. त्यांना होलोकॉस्टमध्ये बसवलं की जर्मनांनी मारलेल्या सुमारे तीस लाख पोलिश ज्यूंचा संहार पुसट होतो, आणि वळिवड्यातल्या या पोलिश लोकांना ज्यांनी घराबाहेर काढलं ते मोकळे सुटतात. कणव खरी असली तरी वाक्य खोटं ठरतं.

मग भावना बाजूला ठेवून केवळ कागदपत्रांवर लिहावं, असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. १९४३ साली रशिया ब्रिटनचा दोस्त होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कातिनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी उघडी पडली, तरी दोस्त दुखावू नये म्हणून ब्रिटिश सरकारनं जाहीरपणे बोलणं टाळलं. अशा काळात सरकारी शब्दाचा कोरडेपणा म्हणजे निःपक्षपात नव्हे. रात्री दार कुणी ठोठावलं, डब्यात कोण दगावलं, हे छावणीत वाढलेल्या मुलांच्या आठवणींनीच जपलं. आठवणीत आकडे चुकतात, हा आक्षेप मान्य आहे. पण फलकही चुकतात. ऑश्विट्झच्या जुन्या अधिकृत फलकांवर चाळीस लाख बळी लिहिलेले होते. ते १९९० मध्ये काढले गेले. तिथल्या संग्रहालयाचे इतिहासकार फ्रांचिशेक पिपर यांनी गाड्यांच्या नोंदी जुळवून काढलेला आकडा सुमारे अकरा लाखांचा, त्यांत ज्यू दहा लाखांच्या आसपास. या दुरुस्तीनं संहार नाकारणाऱ्यांना हत्यार मिळतं, अशी भीती अनेकांना वाटते. पण साठ लाख ज्यूंचा एकूण आकडा त्या फलकावर कधीच उभा नव्हता. इतिहासकार राऊल हिल्बर्ग यांनी १९६१ मध्येच ऑश्विट्झमधल्या ज्यू बळींची संख्या दहा लाखांच्या घरात धरली होती. खरा आकडा लपवला असता, तर नाकारणाऱ्यांचंच फावलं असतं.

म्हणून वळिवड्याच्या फलकावर मुख्य मजकुरात कुणी नेलं, केव्हा नेलं आणि किती जण इथं आले, हे कर्त्याच्या नावासकट हवं. आठवणी त्याच्या शेजारी, सांगणाऱ्याचं नाव आणि तेव्हाचं वय देऊन, एक शब्दही न सावरता. आणि पोलिश लोक गेल्यावर फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच छावणीत आली, तिचं गांधीनगर झालं. त्यांच्या आठवणींनाही त्याच भिंतीवर, याच नियमानं जागा मिळायला हवी.