हिरड्यांतील गुप्त शिरकाव

दांत घासतांना चुळेबरोबर थोडें रक्त पडलें, तर पुष्कळ घरांत “त्या जागीं ब्रश लावूं नकोस” असा सल्ला मिळतो. तो सल्ला उलटा कसा आहे, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दांतांवर जमणाऱ्या चिकट, पांढुरक्या थरांत असंख्य जंतु राहतात. हॉलंडमधील लेव्हेनहुक ह्यानें १६८३ सालीं हा थर आपल्या भिंगाखालीं पाहून त्यांतील सूक्ष्म जीवांचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें होतें.

निरोगी हिरडी व दांत ह्यांमधील फट सुमारें तीन मिलिमीटरपेक्षां अधिक खोल नसते. थर तसाच राहिला, तर हिरडी सुजते, फटीची पिशवी बनते, आणि हवा न मानवणारे जंतु तींत वाढतात. त्यांपैकीं पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस हा मोठा कपटी. तो केसासारख्या तंतूंनीं हिरडीच्या पेशीस चिकटतो, आणि पेशीच त्याला आंत ओढून घेते. त्याचे पाचक रस पेशींमधील सांधे तोडतात. मग इतर जंतूंसही आंत वाट मिळते. शरीराच्या रक्षक पेशी धांवून येतात. परंतु ह्या दीर्घ झुंजींत दांताला आधार देणारें हाडच झिजतें. तें आपोआप भरून येत नाहीं. वेदना बहुधा होत नाहींत, म्हणून रोग लपून राहतो. धूम्रपान करणाऱ्यास तर रक्तही कमी येतें. मशेरी ही देखील तंबाखूच. तिनें दांत सुधारतात ही समजूत घातक आहे.

आमच्या खारघरांतच टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधनसंस्था आहे. हिरड्यांच्या रोगांत आढळणारा फ्यूजोबॅक्टेरियम हा जंतु जिभेच्या कर्करोगाच्या कांहीं गांठींत तेथील संशोधकांस सांपडला, व अशा रोग्यांत रोगाचा परिणाम अधिक वाईट दिसला, असें त्यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलें. ह्यावरून तो जंतु कर्करोग उत्पन्न करतो असें सिद्ध होत नाहीं. परंतु तोंडांतले जंतु दांतांपुरतेच राहत नाहींत, हें ध्यानीं यावें.

जंतु एकदां मांसांत शिरले, कीं ब्रश तेथें पोंचत नाहीं. दंतवैद्यानें मुळांवरील कीटण खरवडून काढलें, तरी आंत दडलेले जंतु पुनः पिशवींत वस्ती करूं शकतात. म्हणून वारंवार तपासणी लागते. तेव्हां ते बाहेर आहेत तोंवरच त्यांना हांकलणें शहाणपणाचें नव्हे काय? रक्त येणारी जागा टाळूं नये. मऊ ब्रशानें, हलक्या हातानें, दोन्ही वेळां ती स्वच्छ करावी. तरीही रक्त थांबलें नाहीं, तर आईबापांनीं मुलांस, आणि मुलांनीं आग्रह धरून आजीआजोबांस, दंतवैद्याकडे न्यावें.