इतिवृत्त टाइप करताना ठिपके कुठे, आकडे कुठे?



आपल्या काही ग्रामसंघांत आता बैठकीचं इतिवृत्त वहीत लिहून झालं की वर्डमध्येही टाइप केलं जातं. कर्जाच्या प्रस्तावासोबत तीच प्रत बँकेत जाते. तेव्हा मुद्दे नीट मांडलेले असले, की वाचणाऱ्याला हवा तो ठराव लगेच सापडतो.

आधी ठरवा, कशाला काय द्यायचं

- नुसती चर्चा किंवा सूचना असेल तर ठिपका.
- ठरावाला कायम आकडा. "ठराव क्र. ३ नुसार" असं आपण पुढे पत्रात लिहितो ना, म्हणून.
- करायच्या कामांना चौकोन. काम झालं की प्रिंटवर पेनाने टिक करता येते.

ठिपक्याचं चिन्ह असं बदला

१. ज्या ओळींचं चिन्ह बदलायचं त्या सिलेक्ट करा.
२. होम टॅबमध्ये बुलेट्सचं बटण आहे. त्याच्या शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करा.
३. समोर आलेल्या चिन्हांतलं एक निवडा. हवं ते नसेल तर खाली 'डिफाइन न्यू बुलेट' आणि मग 'सिम्बॉल' दाबा. तिथे चौकोन, बाण, टिक सगळं मिळेल.
४. 'ओके' करा.

आकड्यांसाठी शेजारचंच नंबरिंगचं बटण वापरा. त्याच्या बाणात 'डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट' आहे. तिथल्या यादीत देवनागरी आकडे दिसत असतील तर तेच घ्या.

एवढं लक्षात ठेवा

एका ठरावात दोन ओळी हव्या असतील तर नुसतं एंटर दाबू नका, नवा आकडा येईल. शिफ्ट धरून एंटर दाबा. पोटमुद्दा हवा असेल तर ओळीच्या सुरुवातीला टॅब, आणि परत बाहेर यायला शिफ्ट-टॅब. यादी संपली की दोनदा एंटर.

मागच्या बैठकीत ठराव १४ पर्यंत आले असतील, तर पहिल्या आकड्यावर राइट क्लिक करून 'सेट नंबरिंग व्हॅल्यू'मध्ये १५ टाका.

सगळ्यात महत्त्वाचं

वर्ड आकडे आपोआप देतो. मध्येच एक ठराव घातला, की खालचे सगळे आकडे एकाने पुढे सरकतात. पण पत्रात आपण हाताने टाइप केलेला "ठराव क्र. ३" तसाच राहतो. म्हणजे पत्र सांगतं कर्जमागणीचा ठराव, आणि इतिवृत्तात तिसऱ्या क्रमांकावर निघतो गणवेश शिलाईचा! मग प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो, आणि बी-बियाण्याच्या वेळेला तायांच्या हातात पैसे नसतात.

म्हणून सह्या झाल्यावर टाइप केलेल्या प्रतीत मध्ये काही घालू नका. राहिलेला विषय पुढच्या बैठकीत घ्या. प्रिंट काढण्याआधी वही आणि कॉम्प्युटरची प्रत शेजारी ठेवून प्रत्येक ठरावाचा आकडा जुळवा. एकीने वाचायचं, दुसरीने बघायचं.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन पीडीएफ करा. नाहीतर दुसऱ्याच्या मोबाइलवर आपली टिक भलतंच चिन्ह होऊन बसते.

लिपिका ताईंनो, या महिन्याचं इतिवृत्त असं करून बघा. कुठे अडलं तर प्रिंट घेऊन प्रभागसंघाच्या बैठकीला या, आपण मिळून बघू.