स्टेरॉइडची गोळी आणि खिशातले कार्ड

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट यांसारखी स्टेरॉइड औषधे महिनोन्‌महिने घेणाऱ्या रुग्णाने, आपण ती घेत असल्याची लेखी खूण कायम अंगावर बाळगणे हा उपचाराचाच एक भाग आहे. ही खूण पाकिटातले कार्ड असेल, मनगटातले कडे असेल किंवा गळ्यातले पदक असेल. दमा, संधिवात, ल्यूपस, पेंफिगस, मुलांमधला नेफ्रोटिक सिंड्रोम, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण अशा कितीतरी कारणांसाठी ही औषधे दिली जातात आणि त्यांनी असंख्य लोकांचे आयुष्य सावरले आहे. मात्र ती दीर्घकाळ घेतली की शरीराची संकटाला तोंड देण्याची उपजत व्यवस्था मंदावते, आणि हे बाहेरून कुणालाही दिसत नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क, म्हणजे ॲड्रिनल, ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब टिकवणे, रक्तातली साखर घसरू न देणे, दाह आटोक्यात ठेवणे ही कॉर्टिसॉलची कामे. निरोगी प्रौढाच्या शरीरात दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनते. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर जंतुसंसर्ग किंवा अपघात झाला की हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. किती बनवायचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते, आणि रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल आहे असे जाणवले की ती हुकूम देणे थांबवते. बाहेरून घेतलेले स्टेरॉइड कॉर्टिसॉलसारखेच वागते, त्यामुळे पिट्युटरीला पुरवठा भरपूर आहे असेच वाटत राहते. काम नसलेल्या अधिवृक्क ग्रंथी हळूहळू आक्रसतात. एरवीच्या दिवसांत गोळी गरज भागवते. संकटाच्या दिवशी लागणारे वाढीव कॉर्टिसॉल मात्र शरीराला बनवता येत नाही.

वैद्यकाला हा धोका फार लवकर कळला, पण त्याची किंमत एका रुग्णाने मोजली. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले. परिणाम इतका विलक्षण होता की 1950 चे नोबेल पारितोषिक हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना मिळाले. दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका मृत्यूची हकिगत छापून आली. संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणाऱ्या 34 वर्षांच्या माणसावर खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो पुन्हा वर आलाच नाही. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या. स्टेरॉइड घेणाऱ्याला शस्त्रक्रियेच्या वेळी जादा मात्रा द्यायची, ही आजची पद्धत अशा अनुभवांतून आली.

हा धोका नेमका कुणाला? ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार, रोज 5 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन 4 आठवडे किंवा त्याहून जास्त काळ घेणारा प्रौढ धोक्याच्या गटात मोडतो. वारंवार मोठ्या मात्रेचे छोटे कोर्स घेणारेही त्यातच येतात. फक्त गोळ्याच कारणीभूत असतात असेही नाही. मोठ्या मात्रेचे इनहेलर, सांध्यात पुन्हा पुन्हा घेतलेली इंजेक्शने, अंगाच्या मोठ्या भागावर महिनोन्‌महिने चोळलेली तीव्र मलमे यांचाही तोच परिणाम होऊ शकतो. बुरशीवरचे इट्राकोनॅझोल सोबत असेल तर काही स्टेरॉइडे शरीरात जास्त काळ रेंगाळतात. उलट क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन स्टेरॉइडचा निचरा वेगाने करते आणि नेहमीची मात्रा अपुरी पडू लागते. भारतात क्षयरोगाचे प्रमाण पाहता ही गोष्ट प्रत्येक स्टेरॉइड घेणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्वांत बिकट स्थिती असते ती नकळत स्टेरॉइड घेणाऱ्यांची. सांधेदुखीवर किंवा दम्यावर 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. अशी पुडी खाणाऱ्याजवळ कार्ड असण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून अशा पुडीविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितलेच पाहिजे.

कॉर्टिसॉल अपुरे पडले की प्रचंड थकवा, मळमळ, उलट्या, पोटदुखी, चक्कर अशी लक्षणे दिसतात. मग रक्तदाब घसरतो, साखर कमी होऊ शकते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि बेशुद्ध पडतो. यातले एकही लक्षण फक्त याच स्थितीचे नाही. उन्हाळ्यात ते उष्माघातासारखे दिसते, पावसाळ्यात डेंग्यूसारखे, जेवणानंतर अन्नविषबाधेसारखे. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच निकामी होतात तेव्हा, त्वचा काळवंडते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते, त्यामुळे डॉक्टरांना सुगावा लागतो. औषधामुळे ग्रंथी मंदावल्या असतील तर या दोन्ही खुणा सहसा नसतात. सलाइन चालू असूनही रक्तदाब वर येत नाही, आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी कार्डावरची एक ओळ रुग्णाचा जीव वाचवू शकते.

कारण उपचार साधा आणि स्वस्त आहे. प्रौढाला 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूत ताबडतोब, सोबत सलाइन आणि पुढच्या 24 तासांत विभागून 200 मिलिग्रॅम. पहिल्या इंजेक्शनची मात्रा 1 वर्षाखालील बाळाला 25, तर 1 ते 5 वर्षांच्या मुलाला 50 मिलिग्रॅम असते. रक्ततपासणीच्या अहवालासाठी हे इंजेक्शन अडवून ठेवायचे नसते. गरज नसताना एक मात्रा दिली गेली तर सहसा काही बिघडत नाही. गरज असताना दिली गेली नाही तर मृत्यू ओढवू शकतो.

अंगावर वैद्यकीय माहिती बाळगण्याची पद्धत रुळवण्यात कॅलिफोर्नियातील टर्लॉक या गावाचा मोठा वाटा आहे. तिथल्या मॅरियन कॉलिन्स या डॉक्टरांची मुलगी लिंडा 1953 मध्ये धनुर्वातावरील प्रतिविषाच्या ॲलर्जीने मरता मरता वाचली. तिच्या हातातल्या कड्यावर ती ॲलर्जी कोरून घेतली गेली आणि 1956 मध्ये 'मेडिकॲलर्ट' ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी निळे कार्ड पूर्वीपासून होते. 2020 मध्ये त्यात लाल 'स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड'ची भर पडली. त्यावर तातडीच्या उपचाराची मात्राच छापलेली असते, आणि हीच त्याची खरी उपयुक्तता आहे.

दवाखान्यातून छापील कार्ड मिळाले नाही म्हणून काही अडत नाही. जाड कागदावर नाव, आजार, औषधाचे मूळ नाव व मात्रा, ते कधीपासून चालू आहे, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा फोन लिहावा. मोठ्या अक्षरांत दोन वाक्ये हवीतच: 'स्टेरॉइड अचानक बंद करू नये' आणि 'गंभीर आजार, अपघात, सततच्या उलट्या किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम त्वरित द्यावे'. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत असावा. रुग्ण कोणत्या राज्यातल्या दवाखान्यात पोहोचेल हे सांगता येत नाही. पावसाळ्याचा विचार करून कार्डाला लॅमिनेशन करून घ्यावे आणि मात्रा बदलली की नवे लिहावे. पाकीट न वापरणाऱ्या स्त्रियांना, शेतात काम करणाऱ्यांना किंवा शाळकरी मुलांना कडे किंवा काळ्या दोऱ्यातले पदक अधिक सोयीचे. त्यावर 'स्टेरॉइडवर अवलंबून' एवढे शब्द पुरतात. मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावरून दिसणारी आपत्कालीन माहितीही भरून ठेवावी. मात्र बॅटरी संपते, अपघातात फोन फुटतो, म्हणून त्यावरच विसंबणे धोक्याचे. वारीला किंवा यात्रेला एकट्याने निघणाऱ्या वृद्धांनी सोबत्याला कार्ड कुठे आहे हे सांगून ठेवावे. 108 ची रुग्णवाहिका बोलावतानाही 'रुग्ण स्टेरॉइडवर आहे' हे पहिल्यांदा सांगावे.

कार्डाचा उपयोग शुद्धीवर असतानाही होतो. दात काढण्यापूर्वी, भूल घेण्यापूर्वी, नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ते आधी पुढे करावे. ताप आला तर गोळीची मात्रा किती वाढवायची हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर मात्र घरी थांबू नये, कारण तेव्हा इंजेक्शनच लागते.

उपचार संपल्यावर स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी केले जाते. तरीही अधिवृक्क ग्रंथी पूर्ववत व्हायला कित्येकदा 6 ते 12 महिने लागतात. म्हणून शेवटची गोळी घेतल्यानंतरही वर्षभर हे कार्ड जवळ ठेवावे.