नळदुर्गचा बांध आणि आइस्क्रीमच्या काड्या

नळदुर्ग किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडणारा बोरी नदीवरचा बांध दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास उभा राहिला. भर पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि बांधाच्या पोटातल्या पाणी महालात माणसं निवांत उभी असतात. इथली सगळी ताकद वजनाची. दगड दाब सोसतो, ताण नाही.

शाळेत आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल बांधायची स्पर्धा असते, तिथे मात्र वजन हाच शत्रू. पेललेला भार भागिले पुलाचं स्वतःचं वजन, असे गुण बहुधा ठरतात. म्हणून त्रिकोण. चौकोन ढकलला की कलंडतो. त्रिकोणाचा आकार बदलायचा तर एखादी काडी लांबावी किंवा आखडावी लागते.

दोन टेकूंवरच्या पुलात वरच्या काड्या दाबल्या जातात, खालच्या ताणल्या जातात. ताणात काडी सहसा दगा देत नाही; दाबात ती बाजूला वाकते. गणितज्ञ ऑयलरचं 18व्या शतकातलं गणित सांगतं, काडीची मोकळी लांबी निम्मी केली की वाकायला चौपट भार लागतो. मध्ये एक काडी टेकवायची, एवढंच. पण मुलं तो वेळ रंगरंगोटीत घालवतात!

पूल मोडतो तो बऱ्याचदा सांध्यात. नुसतं फेव्हिकॉल थापून भागत नाही; काड्या एकमेकींवर पुरेशा चढवून, चिमट्यात दाबून रात्रभर वाळू द्याव्या लागतात.