नेवला: हिंदी पडद्यावरचा ड्रॅक्युला

‘बंद दरवाजा’ हा १९९० सालचा हिंदी चित्रपट म्हणजे युरोपातल्या ड्रॅक्युलाचा सर्वांत ठळक भारतीय अवतार. तुलसी आणि श्याम रामसे या भावांनी तो दिग्दर्शित केला आणि त्यातला रक्तपिपासू नेवला अनिरुद्ध अग्रवाल यांनी रंगवला.

मूळ कूळ ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीचे. तिच्यावरून मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने १९२२ साली ‘नोस्फेरातू’ हा मूकपट काढला. त्यात मॅक्स श्रेक या नटाने टक्कल, टोकदार कान आणि लांब नखे यांनी भीती उभी केली. परवानगी न घेतल्यामुळे स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करायला सांगितले, तरी काही वाचल्याच. पुढे १९५८ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ‘ड्रॅक्युला’ रंगीत केला. त्यातला उंचापुरा, काळ्या झग्यातला क्रिस्टोफर ली जगभर गाजला. नेवल्याचा झगा आणि सुळे या लीच्याच वळणाचे.

कथा मात्र पुरती देशी आहे. ठाकुराच्या घरात पाळणा हलत नाही. दासी महुआ ठाकुराच्या बायकोला काळ्या पहाडीवर नेवल्याकडे नेते. अट अशी की मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर नेवल्याची. मुलगीच होते आणि आई शब्द फिरवते. वांझपणाचा टोमणा, नवस आणि न फेडलेला नवस, हे सगळे आपल्या गावाघरातले. म्हणूनच शवपेटी आणि वटवाघूळ परके असूनही प्रेक्षकाला ही गोष्ट कळायला वेळ लागत नाही.

अग्रवाल हे रुडकीत शिकलेले स्थापत्य अभियंता. असामान्य उंची, लांबट चेहरा, खोल डोळे. रामसेंनी त्यांना आधी ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी हा सैतान केले होते. शवपेटीतून उठून नेवला सावकाश उभा राहतो आणि उभाच राहत जातो, त्या क्षणी संवादाची गरजच उरत नाही. नुसत्या देहाने केलेला हा अभिनय सोपा नाही, तरीही समीक्षकांनी तो कधी मोजला नाही.

रामसेंचा कारखाना घरचाच होता. भावांपैकी गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीवर, कुमार लेखनात. ‘दो गज जमीन के नीचे’चे (१९७२) चित्रीकरण त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून केले. खर्च थोडा, नामांकित तारे नाहीत, त्यामुळे कमाईचा भरवसा छोट्या शहरांतल्या एकपडदा टॉकीजवर.

अशा टॉकीजमुळेच वऱ्हाडचाही या भयपटांशी संबंध येतो. चित्रपट व्यवसायात अमरावती, अकोला हा भाग आजही ‘सी.पी. बेरार’ या जुन्या प्रांताच्या नावाने ओळखला जातो आणि अमरावती हे त्या वितरणाचे मोठे ठाणे. अमरावतीच्या चित्रा आणि प्रभात चौकांना टॉकीजचीच नावे आहेत. मुंबईच्या उच्चभ्रू चित्रगृहांनी नाक मुरडलेल्या भयपटांना अशाच टॉकीजचा आधार होता.

१९९३ साली ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि रामसेंची भीती केबलवरून घरात आली. अग्रवाल पुढच्याच वर्षी ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर हा डाकू म्हणून दिसले. तिथे मुखवटा नव्हता, सुळे नव्हते, तरी ते तितकेच भयानक वाटले. श्रेक आणि ली यांच्या रांगेत त्यांचे नाव बसते.