औषधं खपतात, मग शेअर का आपटतात?

चोरखमारा म्हटलं की लोकांना आधी वाघ आठवतो. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातलं हे गाव. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं एक गेट इथं आहे, शेजारी मोठा तलाव आहे, भोवताली धानाच्या बांध्या. दलाल स्ट्रीट इथून फार लांब. पण डीमॅट खातं आता मोबाइलवर उघडतं आणि औषधाच्या दुकानांबद्दल तर प्रत्येकाचं मत ठरलेलं असतं. ‘लोक आजारी पडायचे थांबणार आहेत का? मेडिकल कधी तोट्यात जातं का?’

जातं. हजारो दुकानं असलेली मेडिकलची साखळीही जाते. कशी, त्याच्या या गमतीदार आणि डोळे उघडणाऱ्या गोष्टी.

आधी काउंटरचं गणित

तिरोड्यासारख्या गावातलं मेडिकल डोळ्यांसमोर आणा. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून गिऱ्हाईक चारच मागतं. दुकानदार कात्रीने चार कापून देतो आणि बॅच नंबर, मुदतीची तारीख छापलेला तुकडा आपल्याकडे ठेवतो. उरलेल्या सहा गोळ्या मुदतीत खपल्या तर ठीक. शिवाय ओळखीचं गिऱ्हाईक सांगून जातं, ‘धानाचा चुकारा आला की देतो.’ म्हणजे स्टॉकिस्टचं बिल आज आणि गिऱ्हाइकाचे पैसे हंगामानंतर.

यात सुटतं किती? सरकारने ज्या औषधांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली आहे, त्यांच्या किमतीच्या सूत्रात किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरलेले आहेत. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात हे सूत्रच दिलं आहे. १०० रुपयांचा माल ११६ ला विकायचा. त्यातच भाडं, वीज, फार्मासिस्टचा पगार.

आता ‘सरसकट १५ टक्के सूट’ ही पाटी आठवा. ११६ वर १५ टक्के सूट दिली की हातात येतात ९८ रुपये ६० पैसे. खरेदीपेक्षा कमी! मोठी साखळी घाऊक खरेदीत भाव पाडून घेते, बिगरनियंत्रित औषधांवर आणि साबण-शाम्पूवर जरा जास्त कमावते, हे खरं. तरीही घरपोच औषध, वर सूट, वर कॅशबॅक असा थाट दिसला की गुंतवणूकदाराने पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही सूट कोणाच्या खिशातून जातेय? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, गुंतवणूकदाराच्याच.

पन्नासचा शेअर पाचला

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईचं, फार्मइझीचं. रस्त्यावरचं नव्हे, मोबाइलवरचं मेडिकल. तिची मूळ कंपनी एपीआय होल्डिंग्ज. २०२१ मध्ये या कंपनीचं मूल्य ५६० कोटी डॉलर ठरवलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये तिने नवी मुंबईच्या थायरोकेअर या रक्ततपासणी कंपनीतले ६६.१ टक्के शेअर घ्यायचा करार केला. दर १,३०० रुपये शेअरला, रक्कम ४,५४६ कोटी. भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. ए. वेलुमणी यांनी उभी केलेली ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, आणि ती विकत घेणारी स्वतः बाजारात न नोंदलेली! तेव्हा या सौद्याचं केवढं कौतुक झालं होतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एपीआय होल्डिंग्जने ६,२५० कोटींच्या आयपीओचा मसुदा सेबीकडे दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतला. थायरोकेअरसाठी काढलेलं कर्ज फेडायला गोल्डमन सॅक्सकडून नवं कर्ज आलं. मग ते भागवायला २०२३ मध्ये राइट्स इश्यू काढावा लागला, म्हणजे जुन्याच शेअरधारकांना नवे शेअर, शेअरला ५ रुपये दराने. आधीचा दर होता सुमारे ५० रुपये. थेट ९० टक्के घसरण. २०२२-२३ या वर्षाचा तोटा होता ५,२०० कोटींच्या वर. त्यातला मोठा भाग चढ्या भावाने घेतलेल्या कंपन्यांची किंमत हिशेबात खाली आणल्यामुळे झाला होता.

त्या काळात औषधांची मागणी आटली होती का? मुळीच नाही. त्या एका वर्षात कंपनीची उलाढाल साडेसहा हजार कोटींच्या पुढे होती. गिऱ्हाईक होतं, खप होता. बुडवलं ते कर्ज काढून केलेल्या खरेदीने.

एक दुकान बंद, खबर शेअर बाजाराला

हैदराबादच्या मेडप्लस या मेडिकल साखळीचा आयपीओ डिसेंबर २०२१ मध्ये ७९६ रुपयांना आला. पहिल्याच दिवशी भाव हजाराच्या वर उघडला आणि २०२२ मध्येच इश्यूच्या भावाखाली गेला. ही कंपनी बुडालेली नाही, धंदा करतेय. पण तिच्या शेअरधारकांना एक मजेशीर वाचन फुकट मिळतं. औषध प्रशासनाने एखाद्या दुकानाचा परवाना चार-सहा दिवसांसाठी निलंबित केला, की कंपनी तेही शेअर बाजाराला कळवते. कधी कर्नाटकातलं दुकान, कधी तेलंगणातलं. नुकसान किती, तर काही हजार किंवा लाखभर रुपये! मला या सूचना फार आवडतात. हजारो दुकानांची कंपनी शेवटी एकेका काउंटरवर उभी असते, हे त्यातून लख्ख दिसतं.

मुंबईची वेलनेस फॉरेव्हर ही साखळीसुद्धा २०२१ मध्ये आयपीओचा मसुदा घेऊन सेबीच्या दारात गेली होती. लसउद्योजक अदर पूनावाला यांचं पाठबळ असूनही त्या खेपेला तिचा इश्यू आलाच नाही.

दुकान गेलं, चौक राहिला

मुंबईतला केम्प्स कॉर्नर हा चौक सगळ्यांना ठाऊक आहे. ते नाव केम्प अँड कंपनी या जुन्या औषधविक्रेत्यांवरून पडलं.

बूट्सचं मुंबईतलं भावंड

आता इंग्लंडच्या भर बाजारपेठेतलं मेडिकल. १८४९ मध्ये नॉटिंगहॅममध्ये जॉन बूट यांनी जडीबुटीचं दुकान काढलं, त्याची पुढे बूट्स ही अवाढव्य साखळी झाली. आयबुप्रोफेन हे औषध बूट्सच्याच प्रयोगशाळेतलं. स्ट्युअर्ट ॲडम्स या संशोधकाने ते स्वतःच्या डोकेदुखीवर घेऊन पाहिलं होतं! २००७ मध्ये एका खासगी गुंतवणूक कंपनीने ही साखळी सुमारे ११ अब्ज पौंडांना, बरंचसं कर्ज काढून, शेअर बाजारातून उचलली. लंडनच्या शंभर बड्या कंपन्यांतली अशी उचलली गेलेली ती पहिलीच. पुढे ती अमेरिकेच्या वॉलग्रीन्स या मेडिकल साखळीकडे गेली.

आणि मुंबईत? १९४४ मध्ये ‘बूट्स प्युअर ड्रग कंपनी (इंडिया)’ नावाची कंपनी नोंदवली गेली. बर्नॉल, ब्रुफेन ही तिचीच नावं. ती पुढे नॉल झाली आणि मग ॲबट इंडिया. आज दलाल स्ट्रीटवरच्या सर्वांत महाग शेअरांत तिची गणना होते, एका शेअरला वीस हजारांच्या वर. फरक लक्षात घ्या, तिकडचं भावंड औषधं विकतं, इकडचं औषधांच्या ब्रँडवर कमावतं.

‘निम्म्यावर आलाय, घेऊन टाक!’

पडेल शेअरबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत हेच. वॉलग्रीन्सचा शेअर २०१५ मध्ये ९५ डॉलरच्या पुढे होता. तो ४८ वर आला तेव्हा ‘निम्म्या भावात सोनं’ म्हणून ज्याने घेतला, त्याचं काय झालं? ऑगस्ट २०२५ मध्ये सिकॅमोर पार्टनर्स या खासगी गुंतवणूक कंपनीने वॉलग्रीन्स बाजारातून उचलली तेव्हा शेअरला रोख ११ डॉलर ४५ सेंट मिळाले, वर अटींवर मिळू शकणारी थोडी रक्कम. लाभांश बाजूला ठेवला तर निम्म्या भावात घेणाऱ्याचेही पाऊण पैसे गेले.

‘लाभांश तर मिळतोय ना’ हा दुसरा दिलासा. वॉलग्रीन्सने नव्वदहून जास्त वर्षं लाभांश दिला होता, त्यातली ४७ वर्षं दरवर्षी वाढवून. जानेवारी २०२४ मध्ये तो जवळपास निम्मा केला, जानेवारी २०२५ मध्ये बंद. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, डाऊ जोन्स निर्देशांकातून तिला काढलं आणि तिच्या जागी घेतलं ॲमेझॉनला. घरपोच माल पोचवणाऱ्याने दुकानदाराची खुर्ची घेतली.

अमेरिकेचीच राइट एड ही मेडिकल साखळी तर दोनदा दिवाळखोरीत गेली, २०२३ आणि २०२५ मध्ये, आणि त्याच वर्षी तिचं शेवटचं दुकानही बंद झालं. तिच्या डोक्यावरही जुन्या खरेद्यांचं कर्ज होतंच, वर वेदनाशामक औषधांवरून झालेले खटले.

म्हणून ‘सरासरी करू, भाव उतरतोय तसं घेत जाऊ’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी वार्षिक अहवालातलं कर्जाचं आणि दुकानांच्या भाडेकरारांचं पान काढा. भाव किती पडला, हे सगळ्यांत शेवटी बघा.

आणि फोनवर विकला जाणारा शेअर

फार्मइझीसारख्या नोंदणी न झालेल्या कंपन्यांचे शेअर दलाल फोनवर विकतात. त्यांचा भाव कुठल्याही एक्स्चेंजवर ठरत नाही, दलाल सांगेल तो भाव. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने अशा परवाना नसलेल्या ऑनलाइन मंचांपासून सावध राहायला बजावलं होतं. आणखी एक अट पैसे पाठवण्याआधीच माहीत असू द्या. उद्या आयपीओ आलाच, तरी तुमच्यासारख्याने आधी घेतलेले शेअर त्यानंतर सहा महिने विकता येत नाहीत. भाव चढो की पडो, तोवर नुसतं बघत बसायचं.